शालिहोत्राचीं बाडें आणि सालोत्र्यांची विद्या

जुन्या दप्तरांची चाळवाचाळव करणारास ‘शालिहोत्र’ या मथळ्याचें एखादें तरी बाड केव्हां ना केव्हां भेटतेंच. सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत ज्या घराण्यांकडे पूर्वीं पागा होत्या त्यांच्या रुमालांत तर अशीं बाडें असण्याचा संभव अधिक. परंतु तीं संग्राहकाच्या हातीं आलीं म्हणजे त्यांची गति बहुधा एकच होते. पहिलीं चार पानें उलटावीं, तेथें घोड्याच्या अंगावरील भोंवऱ्यांचें शुभाशुभ फल दिसावें, आणि ‘शकुनाची पोथी’ असा शेरा मारून बाड बाजूस ठेवावें. तहनामा नाहीं, वंशावळ नाहीं, कोणा प्रसिद्ध पुरुषाचें हस्ताक्षर नाहीं. मग त्यांत वेळ कोण घालवितो? आमच्याकडूनही हा प्रमाद घडला आहे, आणि तो घडल्यामुळेंच हा लेख लिहिण्याची बुद्धि झाली.

कांहीं वर्षांपूर्वीं कृष्णाकांठच्या एका गांवीं एका जुन्या घराण्याचे कागद पाहण्याचा योग आला. घराण्याचें नांव येथें देण्याचें प्रयोजन नाहीं. मोडींतील पत्रें व एक-दोन सनदा आम्हीं उतरून घेतल्या. त्यांतच ‘शालिहोत्र’ म्हणून एक आडवें बाड होतें. त्याचीं आरंभींचीं पानें पाहून तें आम्हीं परत केलें. दुसऱ्यांदा गेलों तेव्हां भोंवऱ्यांचीं पानें तेवढीं, चित्रें आहेत म्हणून, जपून ठेविलेलीं होतीं. मागील पानें, म्हणजे दांत, खूर, औषधें आणि पागेच्या खर्चाचीं टिपणें असलेलीं, रद्दींत गेलीं होतीं. यांत यजमानांचा दोष नव्हे. जाणत्या म्हणविणारांनीं ज्यास हात लावला नाहीं तें इतरांनीं कां सांभाळावें? या बाडांत काय असतें, त्यांतील कोणता भाग प्रत्यक्ष अनुभवाचा व कोणता नुसत्या परंपरेचा, आणि त्यांचा काळ कसा अजमावावा, हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम नांवाविषयीं. शालिहोत्र हें एका ऋषीचें नांव असून अश्वशास्त्राचें कर्तृत्व परंपरेनें त्याजकडे जातें. पुढें ऋषीचें नांव शास्त्रास लागलें, आणि शास्त्राचें नांव अपभ्रष्ट होऊन तें जाणणाऱ्या मनुष्यास लागलें. ‘सालोत्री’ हा शब्द असा सिद्ध झाला. तो फारशी लेखकांनींही उचलला. शाहजहानच्या कारकीर्दींत अब्दुल्लाखान फिरोजजंग यानें संस्कृतावरून फारशींत उतरविलेल्या अश्ववैद्यकाचें नांव ‘सालोतर’ असेंच आहे, आणि त्या फारशीचें इंग्रजी भाषांतर जोसेफ अर्ल्स यानें १७८८ सालीं कलकत्त्यास छापलें. इंग्रजी फौजेच्या देशी रिसाल्यांतही घोड्यांच्या वैद्यास ‘सलोत्री’ म्हणत. मूळ संस्कृत ग्रंथांपैकीं जयदत्त सूरीचें ‘अश्ववैद्यक’ उमेशचंद्र गुप्त यांनीं १८८६-८७ च्या सुमारास कलकत्त्याच्या बिब्लिओथेका इंडिका मालेंत प्रसिद्ध केलें व त्यास नकुलाचें ‘अश्वचिकित्सित’ जोडलें. भोजाचें ‘शालिहोत्र’ पुण्याच्या डेक्कन कॉलेजानें १९५३ सालीं छापलें. त्याच्या आदल्याच वर्षीं तंजावरच्या सरस्वतीमहाल ग्रंथालयानें नकुलाचें ‘अश्वशास्त्र’ रंगीत चित्रांसह काढलें. तंजावरच्या मराठे राजांच्या संग्रहांतील हें रत्न ज्यांनीं पाहिलें नसेल त्यांनीं अवश्य पाहावें. नकुल हा पांडवांपैकींच मानतात. अज्ञातवासांत तो ग्रंथिक या नांवानें विराटाच्या घोड्यांची निगा करीत होता, आणि वाई हीच विराटनगरी अशी आमच्या सातारकरांची जुनी समजूत आहे. या समजुतीस पुरावा कांहीं नाहीं. तथापि पहिल्या सालोत्र्याची पागा कृष्णेच्याच कांठीं होती असें म्हणण्यांत स्थानिक अभिमानास जें समाधान मिळतें तें आम्ही हिरावून घेत नाहीं.

आतां स्थळाकडे वळूं. माण नदी साताऱ्याच्या माण तालुक्यांत उगम पावून म्हसवडावरून आटपाडीच्या बाजूनें सोलापूर जिल्ह्यांत उतरते व भीमेस मिळते. आजचा सांगली जिल्हा १९४९ सालीं ‘दक्षिण सातारा’ या नांवानें निराळा झाला व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. तोंपर्यंत हा मुलूख कांहीं सातारा जिल्ह्यांत व कांहीं संस्थानांत विभागलेला होता. सबब घोड्यांच्या इतिहासापुरता हा सारा टापू एकच धरिला पाहिजे. १८१८ पासून १८२२ पर्यंत साताऱ्याच्या कारभारावर असलेला ग्रँट डफ यानें १८२६ सालीं छापलेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासांत गोदावरी, भीमा, नीरा व माण या नद्यांचे कांठ घोड्यांविषयीं नांवाजलेले असून त्यांतही नीरा व माण यांचे विशेष, असें नमूद केलें आहे. हीं जनावरें उंचीनें ठेंगणीं, पण हाडापेरानें मजबूत व अत्यंत काटक. ज्यांस ‘भीमथडी तट्टें’ म्हणून साऱ्या हिंदुस्थानांत नांव मिळालें तीं हींच किंवा यांचीं भाऊबंद. कर्नाळच्या राष्ट्रीय पशु-आनुवंशिक संस्थेनें भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून २०२३-२४ सालीं नोंद केली. जें नांव शिलेदारांच्या तोंडीं दोन-अडीचशें वर्षें होतें त्यास सरकारी वहींत जागा मिळण्यास इतका काळ लागला.

अशा मुलखांत सालोत्री व नालबंद किती लागत असतील याचा अंदाज करण्यास एक साधन आहे. सभासदानें शिवछत्रपतींच्या पागेची जी रचना सांगितली आहे तींत पंचवीस बारगिरांस एक हवालदार, पांच हवालदारांस एक जुमलेदार अशी चढती भांजणी देऊन, पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद असल्याचें लिहिलें आहे. पखालजी पाणी देणारा, नालबंद खूर पाहणारा. घोड्याच्या निगेंत या दोन गोष्टी सर्वांआधीं येतात हें त्या रचनेवरूनच दिसतें. आतां १७६४ सालीं थोरल्या माधवरावांनीं पटवर्धनांस आठ हजार स्वारांच्या बेगमीचा सरंजाम दिला. त्यास शिवकालीन प्रमाण लावून पाहिलें तर तीनशें वीस नालबंद होतात. पटवर्धनांनीं नेमकें हेंच प्रमाण राखलें असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु कामाचा व्याप ध्यानीं येण्यास एवढें पुरे. वासुदेवशास्त्री खरे यांच्या ‘ऐतिहासिक लेखसंग्रहां’त पटवर्धनांच्या स्वाऱ्यांचीं, लढायांचीं व तहांचीं वृत्तें आपण आवडीनें वाचतों, त्या स्वाऱ्या ज्यांच्या खुरांवर चालल्या त्यांची निगा करणारांकडे मात्र लक्ष सहसा जात नाहीं.

बाडांतील सर्वांत भरंवशाचा भाग म्हणजे दंतपरीक्षा. घोड्याचें वय दांतांवरून ओळखण्याची रीत वराहमिहिरानें सहाव्या शतकांत बृहत्संहितेच्या अश्वलक्षणांत थोडक्यांत सांगितली आहे, आणि देशी बाडांतील दंतपरीक्षेचा पाया तोच आहे. तिचा उलगडा असा. शिंगराच्या जबड्यांत पुढें सहा दुधाचे दांत येतात. ते पांढरे स्वच्छ असतील तर वर्षाच्या आंतबाहेरचें, तांबूस झाले म्हणजे दोन वर्षांचें. पुढें मधली जोडी पडून नवी आली म्हणजे तिसरें वर्ष, तिच्या लगतची जोडी बदलली म्हणजे चवथें, आणि कडेची बदलली म्हणजे पांचवें. आजचे पशुवैद्य हीच गोष्ट थोडी अधिक बारकाईनें सांगतात. मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास, दुसरी साडेतीनाच्या व कडेची साडेचारांच्या सुमारास फुटते, आणि प्रत्येकीस पुरती वर येऊन घासूं लागण्यास आणखी सहा महिने लागतात. म्हणजे तीन, चार व पांच हे जुने आंकडे आजही जसेच्या तसे उभे आहेत.

पांच वर्षांनंतर मात्र प्रकरण नाजूक होतें. नव्या दांताच्या माथ्यावर एक खळगा असतो. त्यांत वैरणीचा मळ सांचून तो काळा दिसतो. दांत घासत जातो तसा खळगा उथळ होतो व अखेर नाहींसा होतो. खालच्या जबड्यांत मधल्या जोडीचा खळगा सहाव्या वर्षाच्या सुमारास, पुढचीचा सातव्या व कडेचा आठव्या वर्षाच्या सुमारास जातो. वराहमिहिरानें पांचानंतरची पहिली अवस्था ‘कालिका’, म्हणजे काळ्या खुणेची, सांगून ती तीन वर्षांची धरिली आहे. पांच व तीन आठ. येथपर्यंत शास्त्र व निरीक्षण यांचा मेळ चोख बसतो. यापुढें पीत, शुक्ल, काच, मक्षिका, शंख, अवट, चलन व पतन अशा तीन-तीन वर्षांच्या अवस्था येतात. दांत पिवळा होतो, पांढरा होतो, कांचेसारखा दिसतो, याप्रमाणें शेवटीं त्यास छिद्र पडतें, तो हलतो व गळतो. कालिकेसुद्धां या नऊ अवस्थांचीं वर्षें सत्तावीस होतात. त्यांत आरंभींचीं पांच मिळविलीं म्हणजे बत्तीस. आणि घोड्याचें परमायुष्य बत्तीस वर्षें, असें हाच ग्रंथकार बृहज्जातकांत सांगतो. हा मेळ योगायोगाचा नसावा. पहिलीं आठ वर्षें पाहून लिहिलेलीं आहेत, व पुढचीं चोवीस परमायुष्याच्या हिशेबांत बसविलेलीं आहेत, असें आमचें मत झालें आहे. आजही दहा वर्षांपलीकडील घोड्याचें वय दांतांवरून सांगणें अंदाजाचेंच असतें, कारण झीज वैरणीवर अवलंबून राहते. वाळू-खडा मिसळलेल्या आंखूड गवतावर चरणाऱ्या जनावराचे दांत लवकर झिजतात, व माणदेशासारख्या रुक्ष प्रांतांत सालोत्र्यास हें ध्यानांत ठेवावें लागत असलें पाहिजे. खळगा कोरून त्यास काळें फांसण्याची सौदागरांची लबाडी सर्व देशांत चाले. म्हणून घोडेखरेदीच्या यादींत वयाचा आंकडा दिसला म्हणजे तो कोणा जाणत्यानें तोंड उघडून पाहिल्याचा पुरावा समजावा. आठ वर्षांच्या आंतील आंकडा असल्यास त्यावर बराच भरंवसा ठेवण्यास हरकत नाहीं.

भोंवऱ्यांविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. बृहत्संहितेंत दहा ध्रुव आवर्त सांगितले आहेत: वरच्या ओठावर एक, कपाळाच्या केसांत एक, आणि रंध्र, उपरंध्र, मस्तक व वक्षस्थळ या चार ठिकाणीं दोन-दोन. बाकीच्यांस शुभाशुभ फलें लावून पुढील लेखकांनीं त्यांचें जंगल माजविलें. धन्याच्या मरणाशीं घोड्याच्या केसांच्या वळणाचा कांहीं संबंध नाहीं, हें सांगावयास नकोच. परंतु भोंवरा जन्मापासून मरणापर्यंत जागा सोडीत नाहीं, हेंही तितकेंच खरें. जातिवंत घोड्यांच्या आजच्या ओळखपत्रांतही भोंवऱ्यांच्या जागा नोंदवितात. पूर्वीं फौजेच्या हजिरीस एकाचा घोडा दुसऱ्याच्या नांवावर दाखविण्याची लबाडी होऊं नये म्हणून घोड्यास डाग देत व त्याचा ‘चेहरा’ लिहून ठेवीत. तेव्हां ज्या बाडांत भोंवऱ्यांचा तपशील फलाशिवाय आहे तें शकुनाचें नसून ओळखीचें असण्याचा संभव आहे. संग्राहकांनीं हा भेद अवश्य पाहावा.

चालींच्या प्रकरणांत संस्कृत व देशी असे दोन प्रवाह स्वच्छ निराळे दिसतात. अमरकोशांत आस्कंदित, धौरितक, रेचित, वल्गित व प्लुत अशा पांच गति आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील अश्वाध्यक्षाच्या अध्यायांत वल्गन, लंघन, धोरण इत्यादि निराळी परिभाषा आहे. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानें बाराव्या शतकांत रचिलेल्या ‘मानसोल्लासां’त राजाच्या अश्वक्रीडेचें विस्तृत वर्णन असून तो ग्रंथ आपल्या या मुलखाशीं कालानें व स्थलानें अधिक जवळचा आहे. शिलेदाराच्या तोंडीं मात्र कदम, रहवाल, दुडकी व चौखूर हेच शब्द. प्रसंगवशात् येथें एक नवल सांगतों. आशियामायनरमध्यें बोगाझक्यूई येथें सांपडलेल्या हित्ताइत विटांवर किक्कुली नांवाच्या मितन्नीच्या अश्वशिक्षकाचा जो ग्रंथ कोरलेला आहे, त्यांत घोडा फिरविण्याच्या फेऱ्यांस ऐकवर्तन, तेरवर्तन, पंझवर्तन अशा प्रकारचीं नांवें आहेत. तो ग्रंथ ख्रिस्तपूर्व दुसऱ्या सहस्रकाच्या उत्तरार्धांतील आहे. एक, तीन, पांच हे आंकडे व वर्तन हा शब्द ओळखण्यास मराठी वाचकास कोशाची गरज नाहीं.

चालींचा खरा उपयोग रोगपरीक्षेंत आहे. कदमांत चारी पाय एकामागून एक पडतात व चार ठोके ऐकूं येतात. दुडकींत समोरासमोरचे तिरपे पाय जोडीनें पडतात, म्हणून ठोके दोनच. रहवालींत एका बाजूचे दोन्ही पाय बहुतांशीं बरोबर जातात. स्वारास धक्का बसत नाहीं म्हणून लांबच्या मजलेस ती चाल पसंत करीत. ही चाल शिकवून येते कीं उपजत असते, यावर वाद होता. २०१२ सालीं स्वीडनांतील शास्त्रज्ञांनीं तिचें एक मूळ घोड्याच्या आनुवंशिक रचनेंत दाखवून दिलें, तेव्हां उपजत म्हणणारांचा पक्ष बराच बळकट झाला. भरधाव घोड्याचे चारी पाय क्षणभर अधांतरीं असतात हें मायब्रिज या छायाचित्रकारानें १८७८ सालीं अमेरिकेंत सिद्ध केलें, व ते त्या क्षणीं पसरलेले नसून पोटाखालीं गोळा झालेले असतात हेंही दाखविलें. आपल्या जुन्या चित्रांतील पाय ताणून उडणारे घोडे त्या दृष्टीनें चुकीचेच ठरतात. परंतु सालोत्र्याचें काम डोळ्यांपेक्षां कानांवर अधिक चाले. दुडकी ही दोन सारख्या ठोक्यांची चाल असल्यामुळें एक ठोका हलका पडला कीं लंगड लगेच उघडी पडते. पुढचा दुखरा पाय टेकतांना घोडा मान वर उचलतो व निकोप पाय टेकतांना खालीं करतो. कठीण जमिनीवर लंगड वाढली तर दोष बहुधा खुरांत, आणि मऊ जमिनीवर वाढली तर वरच्या शिरांत किंवा स्नायूंत असण्याचा संभव अधिक. हा विचार आजच्या पशुवैद्यकाच्या पुस्तकांतही याच क्रमानें असतो.

खुराचा विषय निघालाच आहे तर एका शब्दाकडे लक्ष वेधतों. खुराच्या तळाशीं मागील बाजूस जो मऊ त्रिकोणी भाग असतो त्यास मराठींत ‘पुतळी’ म्हणतात. संस्कृत कोशांत खुराच्या तळास ‘मंडूकी’ असा शब्द आहे. इंग्रजींतही त्या पुतळीस बेडकाचेंच नांव आहे, आणि ग्रीक झेनोफन तिला पाकोळीचें नांव देतो. बाडांत खुराच्या प्रकरणीं ‘मंडुकी’, ‘मंडोकी’ असें कांहीं आढळलें तर बेडकाचें औषध समजून फसूं नये. पाऊल टेकलें कीं पुतळी दबते व खुरांतील रक्त वर ढकललें जातें. म्हणून ती कोरून काढणारा नालबंद घोड्याचा वैरी समजावा. नालबंदाच्या अभावीं काय होतें हें मार्को पोलोनें तेराव्या शतकाच्या अखेरीस माबार, म्हणजे पूर्वकिनाऱ्यावरील तमिळ देश, येथें पाहून लिहून ठेविलें आहे. तेथील राजे दरसाल समुद्रापलीकडून हजारों घोडे विकत घेत व वर्षअखेर त्यांतील थोडेच उरत, कारण त्यांची निगा जाणणारे लोक देशांत नव्हते. आणि घोडे विकणारे सौदागर असे लोक तिकडे जाऊंच देत नसत, कीं मरणाऱ्या घोड्यांच्या जागीं नवे खपावेत. पोलोच्या गोष्टींतील अतिशयोक्ति वजा केली तरी तात्पर्य उरतेंच.

रोगांच्या वर्णनांत ऋतुमानाचें ज्ञान कसें सांठविलेलें असतें याचीं दोन उदाहरणें पुरेत. पावसाळ्यांत उघडणारी व हिंवाळ्यांत सुकणारी जी चिवट जखम तिला ‘बरसाती’ म्हणत. आणि पावसाळ्यानंतर घोड्याची कमर ढिली पडून मागचे पाय लटपटतात त्यास ‘कुमरी’. हे दोन्ही शब्द इंग्रजी पशुवैद्यांनीं जसेच्या तसे उचलले. बरसाती बहुतांशीं माशांनीं वाहून आणलेल्या सूक्ष्म जंतांच्या अळ्यांमुळें होते. कुमरी, डांसांच्या द्वारें शरीरांत शिरलेल्या गुरांच्या जंताची अळी पाठीच्या कण्यांतील मज्जेंत भरकटल्यानें होते. सालोत्र्यास अळी दिसली नाहीं, पण ऋतु दिसला होता, आणि बरसातीचें नांव तर त्यानें ऋतूवरूनच ठेविलें. याउलट, चिकित्सेच्या बाबतींत त्याचें अवघेंच खरें मानण्याचें कारण नाहीं. बारीकसारीक दुखण्यावर फस्त काढणें, म्हणजे शीर तोडून रक्त वाहूं देणें, व सांध्यावर तापल्या लोखंडाचे डाग देणें, हे उपाय अशक्त जनावरास अपायकारकच होत; युरोपांतही ते तितक्याच निष्ठेनें चालू होते एवढेंच समाधान. कौटिल्यानें मात्र वैद्यास मोकळें सोडलेलें नाहीं. उपचाराच्या किंवा औषधाच्या दोषानें रोग वाढल्यास खर्चाच्या दुप्पट दंड, आणि जनावर दगावल्यास त्याच्या किंमतीइतका दंड, असा त्याचा नियम आहे.

आहाराविषयीं आपल्याकडील सर्वोत्तम लेख शालिहोत्राच्या बाडांत नसून एका पत्रांत आहे. सोळाशें सत्तरनंतरच्या दशकांत शिवछत्रपतींनीं चिपळूणच्या छावणींतील जुमलेदार, हवालदार व कारकून यांस लिहिलेलें तें पत्र राजवाड्यांनीं प्रसिद्ध केलें असून सर्वांच्या परिचयाचें आहे. रयतेस उपद्रव न देण्याची त्यांतील ताकीद वारंवार उद्धृत होते; आम्ही लक्ष वेधतों तें दुसऱ्या भागाकडे. पावसाळ्याच्या बेगमीचा दाणा व वैरण आतांच मनास येईल तशी उधळलीत तर भर पावसांत कांहीं मिळणार नाहीं, घोडीं उपाशीं मरतील, आणि तीं तुम्हींच मारल्यासारखें होईल, असें महाराज बजावितात. रात्रीं दिवा तसाच ठेवल्यास उंदरानें पेटती वात ओढून नेऊन गवताच्या गंजीस आग लागेल, इतका बारीक धोकाही त्यांत सांगितला आहे. घोड्याचें पोट शरीराच्या मानानें लहान. त्यास ओकारी येत नाहीं. म्हणून दाणा थोडथोडा व नेमानें द्यावा लागतो, आणि उपासानंतर एकदम भरपूर चंदी दिली तर पोटशूळ किंवा खुरांची जळजळ होऊन जनावर हातचें जातें. सांठ्याचा नेम मोडला तर नुसती उपासमारच नव्हे, हा दुसरा अनर्थही ओढवतो. पानिपतावर १७६१ च्या जानेवारींत मराठ्यांचीं घोडीं वैरणीवांचून कोणत्या दशेस पोंचलीं होतीं हें सर्वश्रुत आहे. दक्षिणेंत घोड्यास हरभरा व कुळीथ चारण्याचा प्रघात जुना असून हरभऱ्याच्या या इतिहासाविषयीं परशुराम कृष्ण गोडे यांनीं स्वतंत्र टिपण लिहिलें आहे. जिज्ञासूंनीं तें पाहावें.

राहिला कालनिर्णय. या बाडांवर शक क्वचित् असतो, व असला तरी तो नकलेचा. परंतु शब्द व द्रव्यें हीं चांगले साक्षीदार आहेत. ज्या भागांत आवर्त, धारा, मंडूकी हे शब्द आहेत तो संस्कृत पोथीवरून उतरलेला. नाल, नालबंद, लगाम, रिकीब, खोगीर हे शब्द अरबी-फारशी आहेत. खिळ्यांनीं नाल ठोकण्याचा विधि वराहमिहिराच्या अश्वलक्षणांत मुळींच नाहीं. तो ज्या प्रकरणांत सविस्तर असेल तें मुसलमानी अमदानींतील किंवा त्यानंतरचें समजावें, मग कर्ता म्हणून शालिहोत्र ऋषीचें नांव कितीही मोठ्या अक्षरांत असो. औषधांची साक्ष याहून बळकट. तंबाखू व मिरची हीं अमेरिकेंतून पोर्तुगीजांच्या द्वारें आलीं. अकबराच्या दरबारीं पहिली तंबाखू असदबेगानें विजापुराहून १६०४ च्या सुमारास नेली. चोपचिनीही गोव्याच्या बंदरांतून सोळाव्या शतकांतच आली. यांपैकीं एकही द्रव्य ज्या कृतींत आहे ती कृति त्यापूर्वींची असूं शकत नाहीं. मात्र ‘मिरें’ व ‘मिरची’ यांचा मोडींत घोटाळा होऊं देऊं नये. मिरें आपल्याकडे अनादि कालापासून आहे. तसेंच एका उत्तरकालीन कृतीवरून सारें बाड उत्तरकालीन ठरविणेंही चुकीचें, कारण सालोत्री समासांत व कोऱ्या जागेंत आपल्या अनुभवाचें औषध लिहून ठेवी व पुढचा नकलकार तें मुख्य मजकुरांत ओढून घेई. म्हणून मूळ प्रतींतील अक्षराचा बदल, शाईचा रंग व समासांतील टिपणें हीं नक्कल करतांना आवर्जून नोंदावीं.

शोधाचीं ठिकाणें सर्वांस ठाऊक आहेत, तरी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पारसनिसांनीं साताऱ्यास जमविलेला संग्रह १९३९ सालीं पुण्यास डेक्कन कॉलेजांत गेला. सातारा-सांगलीकडील सामग्री सातारा-सांगलींतच शोधून थांबूं नये. वाईच्या प्राज्ञपाठशाळेचा संग्रह आहे, तंजावरचा आहे. शिवाय घरोघरचे पागेचे हिशेब आहेत, ज्यांत किती घोड्यांस किती नाल, किती चंदी, कोणत्या महिन्यांत कोणतें औषध, हें कोरड्या आंकड्यांनीं लिहिलेलें असतें. शालिहोत्राच्या बाडांत काय करावें तें सांगितलेलें असतें. प्रत्यक्ष काय केलें तें या हिशेबांत सांपडतें. बाड व हिशेब एकाच रुमालांत असतील तर ते वेगळे करूं नयेत, आणि यादींत एकापुढें एक नोंदावेत.

माणदेशांत मेंढपाळ धनगर अजूनही तट्टांवर बिऱ्हाड लादून फिरतात. त्यांच्या तोंडीं चालींचीं, खुरांचीं व दुखण्यांचीं जीं नांवें आहेत तीं बाडांतील शब्दांशीं ताडून पाहण्याचें काम आम्हीं हातीं घेतलें आहे. कृष्णाकांठच्या त्या बाडाचीं जीं पानें उरलीं त्यांची नक्कल यजमानांच्या परवानगीनें करून घेतली आहे. शेवटच्या उरलेल्या पानाच्या तळाशीं ‘पुढें दंतपरीक्षा’ एवढेंच आहे.